मुलांसह हिमप्रदेशाची सहल

आमच्या व्यापारी बंधूंना प्रवासाचे अप्रूप नाही. पांढुर्ण्याच्या कापूसबाजारात किंवा सौसरच्या संत्र्यांच्या मोसमात उभा असलेला आपला कोणताही सभासद वर्षातून कितीतरी वेळा नागपूर गाठतो, इंदूर-मुंबईचे फेरे करतो आणि गाडीत बसल्या बसल्या दोन सौदेही उरकतो. परंतु हा सारा प्रवास एकट्याचा आणि पेढीचा. मुलाबाळांसह घडणारा प्रवास पाहू गेल्यास तो तीनच प्रकारांत संपतो: नातलगांकडील लग्नकार्य, उन्हाळ्यातील मामाचे गाव आणि तीर्थयात्रा. यांपैकी पहिल्यात मुलांकडे पाहण्यास कोणाला सवड नसते, दुसऱ्यात वडील बरोबर नसतात आणि तिसऱ्यात मुले मोठ्यांच्या मागे चालतात. केवळ मुलांसाठी, मुलांच्या पावलाने, आणि आईवडील दोघांनीही बरोबर राहून केलेला प्रवास आपल्याकडे जवळजवळ नाहीच, असे म्हटले तरी चालेल.

या लेखात अशाच एका प्रवासाची शिफारस करण्याचे आम्ही योजिले आहे. हिवाळ्यात आठ-दहा दिवस दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन मुलांना हिमालयाच्या बर्फात न्यावे. आणि तेथे नुसते बर्फ पाहून, छायाचित्रे काढून परत न फिरता त्यांच्यासह स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा खेळ, शिकावा. वैशाखात पारा ४५ अंशांजवळ जाणाऱ्या सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसांनी बर्फावर घसरण्यास जावे, ही कल्पना ऐकून आमच्या ज्येष्ठ सभासदांना हसू येईल हे आम्ही जाणून आहोत. प्रथम आम्हालाही आले होते.

२०१९ च्या जानेवारीत संक्रांत आटोपून आम्ही तीन कुटुंबे उत्तराखंडातील औली येथे गेलो. आमचे घर, आमच्या थोरल्या बंधूंचे घर आणि सौसरच्या मेहुण्यांचे घर, मिळून सहा मोठी माणसे व पाच मुले. सर्वांत लहान मूल सहा वर्षांचे, सर्वांत मोठे चौदा वर्षांचे. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी मार्गावरील स्थानक असल्याने दिल्लीची गाडी आपल्या घरच्या फलाटावरच मिळते, ही एक मोठीच सोय आहे. दिल्लीहून हरिद्वार, आणि ऋषिकेशपासून पुढे जोशीमठापर्यंत सुमारे २५० किलोमीटर डोंगरी मोटररस्ता. हा रस्ता थकवणारा खरा. परंतु देवप्रयागास अलकनंदा व भागीरथी यांचा संगम होऊन तेथून पुढे त्या नदीला गंगा म्हणतात, हे भूगोलाच्या पुस्तकात दोन ओळींत वाचलेले सत्य मुलांनी तेथे कठड्यावर उभे राहून, दोन प्रवाहांचे दोन वेगळे रंग पाहून पडताळले. पुढे रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे एकेक संगम येत गेले, तशी मुले पुढच्या प्रयागाचे नाव आधीच सांगू लागली.

स्कीइंग म्हणजे काय, हे आमच्या वाचकांपैकी ज्यांनी ते केवळ चित्रपटात पाहिले असेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. 'स्की' हा शब्द नॉर्वेकडील असून जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ चिरलेले लाकूड असा होतो. बर्फाळ देशांतील माणसांनी हजारो वर्षांपूर्वी चालण्याचे साधन म्हणूनच या पट्ट्या वापरल्या. कारण मऊ बर्फात पाय रुततो, पण लांब पट्टीवर वजन पसरल्यामुळे माणूस वर राहतो. १८८८ साली फ्रिड्यॉफ नान्सेन याने ग्रीनलँडचे हिमपठार याच साधनाने ओलांडले. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील सोंद्रे नॉरहाइम (१८२५ ते १८९७) याने पट्टीला जोडा टाचेशीही बांधण्याची युक्ती रूढ केली, त्यामुळे उतारावर वळणे घेता येऊ लागली आणि साधनाचा खेळ झाला. आपल्या देशात गुलमर्ग येथे १९२७ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी स्की क्लब स्थापन केला. औलीच्या उतारांवर २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धाही झाल्या.

खेळाची पहिली पायरी मात्र सहा वर्षांच्या मुलाला अर्ध्या दिवसात कळते. पट्ट्या बर्फावर सरकू लागल्या की घर्षणाने खालचा अगदी पातळ थर ओलसर होतो व पट्टी निसटत जाते. दोन्ही पट्ट्या समांतर ठेवल्या तर वेग वाढतो. पुढील टोके जवळ आणून मागील टोके दूर फाकविली, म्हणजे बैलबंडीचा सांगाडा जसा जुवाकडे निमुळता होतो तसा आकार केला, तर आतील कडा बर्फात रुततात आणि वेग मंदावतो. टोके जितकी फाकवावी तितका लगाम अधिक. उजव्या पायावर भार दिला की डावीकडे वळण, डाव्यावर दिला की उजवीकडे. पडल्यावर जोडा पट्टीपासून आपोआप सुटावा अशी कळ असते, म्हणून पाय मुरगळण्याचे भय पूर्वीइतके राहिलेले नाही. परंतु शिक्षक यांपैकी काहीही शिकविण्याआधी एक वेगळाच पाठ देतो: पडावयाचे कसे. पुढे नाही, मागेही नाही, बाजूला बसल्यासारखे पडावयाचे. नंतर पट्ट्या उताराला आडव्या करून उठावयाचे. आमच्या मुलांना पहिला दीड तास केवळ पडण्याचे शिक्षण मिळाले. व्यापारात पडणारे पुष्कळ पाहिले, पण त्याचा पहिला पाठ कोणी दिलेला ऐकिवात नाही!

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. आमचे थोरले बंधू अडतीच्या धंद्यात तीस वर्षे मुरलेले. बाजारात त्यांच्या शब्दाला मान आहे, घरात धाक आहे. त्यांची आकडेमोड चुकलेली आमच्या पाहण्यात नाही. मुलांच्या दृष्टीने ते जन्मापासूनच सर्व जाणणारे गृहस्थ होत. औलीच्या पहिल्या उतारावर हे गृहस्थ जेवणापूर्वी अकरा वेळा पडले. मोजणी अर्थातच मुलांनी केली. त्याच वेळात त्यांची आठ वर्षांची कन्या पंचवीस पावलांचा उतार न पडता उतरून खाली थांबू लागली. बाराव्या वेळी बंधू पडले आणि उठण्याची खटपट सोडून तसेच बसून राहिले, तेव्हा ती मुलगी आडवी पावले टाकीत वर चढून आली, हातातील काठी त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही ताठ उभे राहता ना, म्हणून पडता. गुडघे वाकवा. समोर बघा, पायाकडे नका बघू."

बंधूंनी गुडघे वाकविले. ते पुन्हा पडले, परंतु या वेळी दहा पावले जाऊन. मुलगी टाळ्या पिटू लागली.

हा प्रसंग किरकोळ वाटेल. परंतु आपल्या घरांची रचना ध्यानात घेतली तर तो किरकोळ नाही. दुकानात व घरात बाप मुलाला नेहमी शिकविणारा, हिशेब विचारणारा, चूक दाखविणारा असाच दिसतो. बाप स्वतः नव्याने काही शिकत आहे, चुकत आहे, हसत आहे आणि पुन्हा करून पाहत आहे, हे दृश्य त्याला पाहावयास मिळतच नाही. मुलाने कधी बापाला काही शिकवावे असा विषयच आपल्या दिनक्रमात नाही. (भ्रमणध्वनी चालविणे हा एक विषय आहे, पण त्यात बाप चिडतो.) बर्फाच्या उतारावर सर्वांची यत्ता एक. वयाचा, गल्ल्याचा, बाजारातील पतीचा तेथे उपयोग नाही. उलट लहान मुलाचा गुरुत्वमध्य खाली असल्याने आणि पडण्याची लाज त्याला नसल्याने तोच लवकर शिकतो. जे मूल शाळेत मागे पडते, ज्याला 'याच्याने काही होत नाही' असे आपण चारचौघांत म्हणून टाकतो, ते तेथे वडिलांच्या पुढे जाते. आमच्या मेहुण्यांचा चौदा वर्षांचा मुलगा घरी दोन वाक्यांच्या वर बोलत नसे. औलीत तिसऱ्या दिवशी तो आपल्या आईला हात धरून उतारावरून उतरवीत होता, आणि तिला काय चुकले ते सविस्तर सांगत होता.

त्या माउलीबद्दलही लिहिले पाहिजे. लग्न झाल्यापासून आपण धावलो नाही, असे ती आम्हाला तेथे म्हणाली. सोळा वर्षे झाली होती. घरून निघताना पेहरावाविषयी सासूबाईंची नापसंती होती. परंतु त्या उणे तापमानात जाड विजारीवाचून गत्यंतर नाही, हे चित्र दाखवून पटवावे लागले. सांगावयाचे हे की ही सहल मुलांची म्हणून ठरली तरी तिचा लाभ घरातील स्त्रियांना कमी झाला नाही. आपल्या तीर्थयात्रांतही स्त्रिया येतात, पण तेथेही स्वयंपाकाची पेटी त्यांच्याच स्वाधीन असते. मुलींना मुलांच्या बरोबरीने उतारावर सोडण्यात ज्यांना संकोच वाटत असेल त्यांनी मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूर हिचे नाव लक्षात ठेवावे. २०१८ साली तुर्कस्तानातील स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळविले, ते स्कीइंगमधील भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक होय.

आणखी एक नाव आम्हा दुकानदारांच्या विशेष आवडीचे आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच स्पर्धक होता: काश्मीरचा आरिफ खान. त्याचे वडील गुलमर्ग येथे स्कीइंगच्या साहित्याचे दुकानदार. त्यांनी मुलाला चौथ्या वर्षीच बर्फावर उभे केले. बीजिंगला तो जायंट स्लॅलम शर्यतीत ४५ वा आला. ४५ वा म्हणजे काय मोठेसे, असे कोणी विचारील. आम्ही स्वतः उतारावर चार दिवस काढल्यामुळे तसे विचारण्याचे धैर्य आम्हाला होत नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. सर्वांत मोठा व खरा आक्षेप मोसमाचा आहे. बर्फ पडते डिसेंबरअखेर ते मार्चच्या प्रारंभापर्यंत. आणि नेमक्या याच महिन्यांत आपल्याकडे कापसाची आवक जोरात असते, आंबिया बहाराची संत्री उतरून होतात न होतात तोच मृगाच्या बहाराचे सौदे सुरू होतात, शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडळाच्या परीक्षा. याला आमच्याजवळ सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. ज्याचे दुकान एकट्याच्या जिवावर आहे त्याला आठ दिवस कुलूप लावा असे सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने उदार होणे होय. परंतु जेथे दोन-तीन बंधू एकत्र आहेत तेथे पाळीपाळीने जाता येते. या वर्षी एका भावाने आपल्या व दुसऱ्याच्या मुलांना घेऊन जावे, पुढच्या वर्षी दुसऱ्याने. संक्रांतीनंतरचे दहा दिवस आम्हाला त्यातल्या त्यात बरे वाटले: नाताळची गर्दी ओसरलेली असते, परीक्षा दूर असतात. अलीकडे बर्फाचाही भरवसा उरलेला नाही, हेही सांगून ठेवतो. जानेवारी २०२४ च्या पूर्वार्धात खुद्द गुलमर्गचे उतार बर्फाअभावी उघडे पडले होते. म्हणून निघण्यापूर्वी तेथील परिस्थितीची चौकशी करावी.

मोसमाच्या पारड्यात दुसरीकडे काय टाकावयाचे ते ज्याने त्याने ठरवावे. आम्ही फक्त एक हिशेब मांडतो. मूल सहाव्या वर्षी अशा सहलीस योग्य होते. सतराव्या-अठराव्या वर्षी ते शिक्षणासाठी नागपूर, पुणे, इंदूर किंवा बंगळूरला जाते, आणि २०२३ साली पांढुर्णा-सौसरचा स्वतंत्र जिल्हा झाला तरी गेलेली मुले परत येण्याचे प्रमाण वाढल्याचे आम्हास दिसत नाही. मधली वर्षे अकरा-बारा. त्यांतून परीक्षेची व घरच्या कार्याची वर्षे वजा केली तर हाती पाच-सहा हिवाळे उरतात. कापसाचे मोसम त्याहून पुष्कळ अधिक आपल्या वाट्यास येतात.

दुसरा आक्षेप इजेचा. गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या काठी मुलाला खांद्यावर बसवून दगडांचा वर्षाव दाखविणारे गृहस्थ जेव्हा आम्हाला 'बर्फात पोरगं पडेल' अशी भीती घालतात तेव्हा आम्ही गप्प बसतो. तथापि भय सर्वस्वी खोटे नाही. डोक्यावर शिरस्त्राण हवेच. शिक्षकावाचून एक पाऊलही टाकू नये, आणि 'मला येते' असे दुसऱ्या दिवशी म्हणू लागणाऱ्या मुलाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण मोड होते ती बहुधा त्याच दिवशी. हाडांपेक्षा मोठा प्रश्न उंचीचा आहे. आपली गावे समुद्रसपाटीपासून ५०० मीटरांच्या आतच. औलीचे उतार सुमारे २५०० ते ३००० मीटरांवर. तेथे हवा विरळ असते, आणि एकदम वर गेल्यास डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. यासाठी पहिली रात्र खाली जोशीमठास काढावी. आम्ही घाई करून त्याच दिवशी वर गेलो, त्याचे प्रायश्चित्त आमच्या सहा वर्षांच्या मुलाने भोगले. रात्री त्याला ओकाऱ्या झाल्या आणि सकाळी त्याला व त्याच्या आईला खाली आणावे लागले. खाली येताच दुपारपर्यंत तो खेळू लागला. उंचीच्या दुखण्यावर खाली उतरणे हाच पहिला उपचार, हे ध्यानात ठेवावे. ज्या मुलास दम्याचा विकार आहे त्याच्याविषयी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. ताजे बर्फ सूर्याचे सुमारे ८० टक्के अतिनील किरण परत फेकते, म्हणून थंडी असली तरी डोळ्यांना काळा चष्मा आणि तोंडाला मलम न लावता उतारावर जाऊ नये.

कपड्यांची गोष्ट लिहिताना कापसाच्या व्यापाऱ्याचा हात अडखळतो. पण सत्य ते सांगितले पाहिजे. बर्फात अंगालगत सुती वस्त्र नको. कापूस घाम शोषून धरून ठेवतो, वाळत नाही, आणि खेळ थांबताच तोच ओलावा शरीर गारठवतो. आम्ही घरच्या अभिमानाने सुती बंड्या घालून गेलो आणि पहिल्या दुपारी अकराही जण कुडकुडत बसलो. अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे पातळ वस्त्र, त्यावर उबदार थर, सर्वांत बाहेर पाणी व वारा अडविणारा अंगरखा, अशी तीन वस्त्रे असावीत. बाजारात मिळणाऱ्या गुबगुबीत कोटांत पुष्कळदा पक्ष्यांची पिसे भरलेली असतात आणि हातमोजे चामड्याचे असतात. आपल्या मंडळींनी चिठ्ठी वाचून कृत्रिम धाग्याचे भरण व कापडी मोजे मागून घ्यावेत, ते तितकेच ऊब देतात. जोडे आता प्लास्टिकचे असतात, तेव्हा त्याविषयी अडचण नाही. पट्ट्या, काठ्या व जोडे विकत घेण्याचा मोह टाळावा. मुलांचे पाय वर्षात वाढतात, आणि ही वस्तू पांढुर्ण्यात माळ्यावरच पडून राहील. तेथे भाड्याने मिळते तेच उत्तम.

भोजनाची चिंता आमच्या घरच्या मंडळींना सर्वांत अधिक होती. प्रत्यक्षात या खेळाचा दिनक्रम आपल्या नियमास अनुकूल आहे असे दिसून आले. सकाळी ऊन पडल्यावर शिकवणी सुरू होते, दुपारी तीन-साडेतीनला बर्फ पुन्हा घट्ट होऊ लागते तेव्हा संपते. सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी भोजन उरकण्यास पुरेसा वेळ मिळतो, आणि दिवसभराच्या श्रमाने मुले आठाच्या आत झोपतात. उतरण्याच्या ठिकाणी कांदा, लसूण, बटाटा वगळून स्वयंपाक करून देण्याचे पत्राने ठरविले होते. पहिल्या रात्री तरीही रश्शात बटाटा आला. दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरात जाऊन मूगडाळ व फुलके कसे हवेत ते प्रेमाने दाखविले, पुढे तक्रार राहिली नाही. खाकरे, चिवडा, डिंकाचे लाडू व सुकामेवा घरून न्यावा. थंडीत तहान लागत नाही, म्हणून उकळलेले कोमट पाणी मुलांना मुद्दाम पाजावे.

खर्च पुष्कळ होतो, हे लपविण्यात अर्थ नाही. गाडीभाडे, मुक्काम, साहित्याचे भाडे व शिक्षकाचे मानधन हे चार रकाने धरून चालावे. त्यांतील पहिले दोन काटकसरीने कमी होतात, चौथ्यात मात्र काटकसर करू नये. आम्ही या सर्व खर्चाची रोकडवही बारा वर्षांच्या पुतणीकडे सोपविली होती. रोज रात्री झोपण्यापूर्वी ती जमाखर्च मिळवून दाखवी. तिसऱ्या रात्री चाळीस रुपये जुळेनात, तेव्हा कोणालाही झोपू न देता तिने प्रत्येकाची जबानी घेतली; अखेर ते आमच्याच खिशातून चहात गेलेले निघाले. दुकानात बसवून जे दोन वर्षांत शिकविले नसते ते तिने त्या आठ दिवसांत आपण होऊन आत्मसात केले. ऋण काढून मात्र अशी सहल कोणी करू नये, आणि शेजारच्याने केली म्हणून तर मुळीच नाही.

या ठिकाणी एक अप्रिय गोष्ट नमूद करतो. आम्ही परतल्यावर पाचच महिन्यांनी, जून २०१९ मध्ये, त्याच औलीत एका धनाढ्य उद्योगपती घराण्यातील लग्ने अफाट खर्चाने झाली, आणि मागे राहिलेल्या कचऱ्याच्या ढिगांचे प्रकरण नैनितालच्या उच्च न्यायालयात गेले. वर्तमानपत्रांतील ती छायाचित्रे पाहून आमच्या मुलांनी विचारले, आपण उतरलो तोच हा उतार का? व्यापारी वर्गाची मान खाली घालणारा तो प्रश्न होता. पुढे जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठातच जमीन खचून शेकडो घरांना तडे गेले आणि जोशीमठ-औली हा प्रसिद्ध रज्जुमार्ग बंद करावा लागला. जाणाऱ्यांनी मोटररस्त्यानेच वर जाण्याची तयारी ठेवावी. २०२४ पासून त्या तहसिलीचे नावही ज्योतिर्मठ असे झाले आहे. डोंगर नाजूक आहे. आपण आणलेला प्रत्येक कागद आपल्याच पिशवीतून परत न्यावा, हे काम आमच्या गटात मुलांकडे होते आणि मोठ्यांना त्यांनी दोनदा पकडले.

ज्यांना औली दूर पडते त्यांच्यासाठी मनालीजवळ सोलंग आहे. २०२० साली नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा उघडल्यापासून पलीकडील लाहौलात हिवाळ्यातही जाता येते. मनालीची गिर्यारोहण संस्था १९६१ पासून चालू असून तेथे स्कीइंगचे शिक्षण मिळते. गुलमर्ग सर्वांत प्रशस्त. तेथील पाळण्यांचा मार्ग अफरवट शिखराजवळ सुमारे ३९०० मीटरांवर जातो, परंतु लहान मुलांनी खालच्या सपाट उतारांवरच समाधान मानावे.

आणि ज्यांना या वर्षी हिमालय साधत नाही, त्यांनी निदान पायांची तयारी घरच्या डोंगरात करावी. पातालकोटच्या दरीत उतरून पुन्हा चढणे, पचमढीस सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड (१३५२ मीटर) पायी गाठणे, किंवा मुक्तागिरीच्या पायऱ्या डोलीवाचून चढणे, हे सारे एका मोटारीच्या अंतरावर आहे. पूर्वी सौसरची मुले छिंदवाड्याकडे जाणाऱ्या लहान गाडीच्या खिडकीतून घाट पाहत असत. तो अरुंद मार्ग २०१५ च्या अखेरीस बंद झाला, रूळ रुंद झाले, आणि घाट पाहण्यासाठी मुद्दाम निघावे लागते असे दिवस आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी एक तास अंग मोडून हालचाल हवी. आपल्या दुकानामागील अंगणात ती होत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

येत्या जानेवारीत जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी मुक्काम व शिक्षक यांचा पत्रव्यवहार पर्युषणानंतर लगेच सुरू करावा. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडू लागले आहे. म्हणजे संक्रांतीनंतरच्या गाडीची खिडकी नोव्हेंबरच्या मध्यास उघडते, ऐन कापसाच्या पहिल्या गर्दीत. त्या सकाळी दुकानात कोण बसणार आणि खिडकीवर कोण उभे राहणार, हे दिवाळीपूर्वीच भावाभावांत ठरलेले असावे. आमच्या घरी गेल्या खेपेस हे ठरविण्याचे काम थोरल्या बंधूंच्या कन्येने केले, आणि तिकिटे काढावयास तिने बाबांनाच पाठविले.